पोरगं आपणहून सांगतं का?

घरात आठवी ते बारावीतलं मूल असेल तर एक प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. गेल्या महिनाभरात त्यानं, कुणी न विचारता, अशी एखादी गोष्ट सांगितली का, जी सांगून फायदा काहीच नव्हता, बोलणी खायची शक्यता मात्र होती? चाचणीत गेलेले मार्क, कोल्हापुरात रंकाळ्याच्या वळणावर मित्राच्या गाडीवरून पडणं, वर्गातल्या कुणीतरी मोबाईलवर पाठवलेला घाणेरडा फोटो. उत्तर ‘हो’ असेल तर दार आपटणं, तोंड पाडून बसणं, जेवायला हाक मारल्यावर ‘आलो की’ म्हणून अर्धा तास न येणं हे बहुतेक वयाचं आहे. उत्तर ‘नाही’ असेल, तर घर कितीही शांत असलं तरी जरा थांबून बघायला हवं.

आईवडिलांना वाटतं, लक्ष ठेवलं की सगळं कळतं. स्वीडनमध्ये होकान स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी १४ वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास केला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. मूल कुठं जातं, कुणाबरोबर असतं, पैसे कशावर खर्च करतं हे ज्या पालकांना ठाऊक होतं, त्यांना ते मुख्यतः मुलानं स्वतः सांगितल्यामुळे ठाऊक होतं. खोदून विचारल्यामुळे किंवा पाळत ठेवल्यामुळे मिळालेली माहिती त्या मानानं थोडी होती. भानगडींपासून लांब राहण्याशीही सर्वांत घट्ट संबंध या आपणहून सांगण्याचाच दिसला. नियम निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नाही. त्यांच्याकडे पुढे येऊच. पण एक मूल सांगतं आणि दुसरं गिळून टाकतं, हे का, याचं उत्तर शोधायचं तर बरंच मागं, मूल वर्षाचं असतानाच्या काळात जावं लागतं.

पाळण्यापासूनचा हिशेब

जॉन बोल्बी हे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास घरापासून तुटलेल्या मुलांबरोबर काम करताना त्यांनी मांडलं, की जवळच्या माणसाला धरून राहण्याची ओढ ही दुधाच्या भुकेइतकीच मूलभूत आहे. घाबरलेलं, आजारी किंवा दमलेलं मूल ठराविक माणसाकडे धाव घेतं, तिथं शांत होतं आणि मग पुन्हा खेळायला जातं. या नात्याला मानसशास्त्रात अटॅचमेंट म्हणतात; आपण भावबंध म्हणू. त्याची दोन कामं आहेत: भीती वाटली की आसरा देणं, आणि भीती नसेल तेव्हा लांब जाण्याचं बळ देणं. दुसरं काम आपण विसरतो. जो भावबंध मुलाला लांब जाऊच देत नाही तो घट्ट दिसतो, पण सुरक्षित नसतो.

बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि मग अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये आया आणि तान्ही मुलं बघितली. त्यांनी बसवलेला प्रयोग साधा आहे. साधारण वर्ष-दीड वर्षाचं मूल, आई, खेळणी असलेली एक अनोळखी खोली, एक अनोळखी बाई आणि वीसेक मिनिटं. आई दोनदा काही मिनिटांसाठी बाहेर जाते आणि परत येते. मूल किती रडलं यापेक्षा आई परत आल्यावर त्यानं काय केलं, हे तिथं मोजलं जातं.

काही मुलं रडली, आईला बिलगली, निवली आणि पुन्हा खेळू लागली. हा सुरक्षित भावबंध. काहींनी आई आल्याची दखलच घेतली नाही. त्यांनी आधीच शिकून घेतलं होतं की रडून उपयोग नाही. काही बिलगली, पण निवेनात. चिडून ढकलायची आणि पुन्हा चिकटायची, कारण घरी कधी माया मिळायची, कधी झिडकारणं. पुढे मेरी मेन यांनी चौथा गट ओळखला: ज्याच्याकडे धावायचं त्याचीच भीती असलेली, मध्येच गोठून जाणारी मुलं. मारहाण, दारू किंवा पालकाचं स्वतःचं न भरलेलं दुःख असलेल्या घरांत हा प्रकार जास्त दिसतो.

दखल न घेणाऱ्या मुलांबद्दल आणखी एक गोष्ट पुढे कळली. बाहेरून निवांत दिसणाऱ्या या मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर तेही वाढलेलेच निघाले. ताण होता, तो दाखवायचा नाही एवढंच ती शिकली होती.

पंधराव्या वर्षी हेच मूल ‘समंजस’ म्हणून नावाजलं जातं. काही मागत नाही, हट्ट करत नाही, विचारलं तर ‘काही नाही, बरं आहे’. पाहुण्यांत कौतुक होतं. डोकं दुखणं, पित्त, परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात कळ, एवढ्या वाटेनं ते बाहेर पडतं आणि घरचे गॅसची गोळी देतात. आमच्या मते, सगळ्यांत उशिरा लक्षात येतात ती हीच मुलं. चिकटणारं मूल निदान लक्ष तरी वेधून घेतं: मैत्रिणीनं मेसेज बघून उत्तर दिलं नाही म्हणून रात्रभर जागतं, आईशी भांडतं आणि आई रुसली की स्वतःच कोलमडतं.

यावरून ‘पहिल्या दोन वर्षांत चुकलं, आता काय’ असं कुणी धरून बसू नये. अमेरिकेतल्या मिनेसोटात १९७० च्या दशकापासून काही मुलांचा जन्मापासून मोठेपणापर्यंत मागोवा घेतला गेला. सुरुवातीचा भावबंध पुढे दिसतो, पण तो पत्रिका नव्हे. घरातली परिस्थिती बदलली, एखादं भरवशाचं माणूस मिळालं की तोही बदलतो. चांगल्या बाजूला बदलतो तसा वाईट बाजूलाही. शिवाय मुलाचा उपजत स्वभाव असतोच. एकाच आईची दोन मुलं दोन तऱ्हांची निघतात, त्यात दर वेळी आईची चूक शोधायचं कारण नाही. आणि हे सगळं आईच्याच पदरात टाकायचंही कारण नाही. बाप, आजी, काका, आत्या, सगळ्यांशी मूल वेगवेगळा बंध बांधत असतं.

धाक आणि ताबा

‘पोरांवर धाक पाहिजे’ हे वाक्य शिवाजी पेठेपासून गडहिंग्लजपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. त्यात अर्धं खरं आहे. डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकत्वाच्या पद्धती मांडल्या आणि १९८३ मध्ये एलेनॉर मॅकोबी व जॉन मार्टिन यांनी त्या दोन मापांवर बसवल्या: मुलाकडून अपेक्षा किती, आणि त्याच्या मनाची दखल किती. दोन्ही भरपूर असलेल्या घरांतली किशोरवयीन मुलं सरासरीनं बरी राहतात. नुसत्या अपेक्षा असतील तर मूल घाबरून वागतं किंवा लपवायला शिकतं. नुसते लाड असतील तर त्याला स्वतःला आवरणं जड जातं. दोन्ही नसतील तर अवस्था सर्वांत वाईट.

पण खरी गल्लत पुढे होते. मुलाच्या वागण्यावर मर्यादा घालणं वेगळं आणि त्याच्या मनावर ताबा मिळवणं वेगळं. ‘रात्री नऊच्या आत घरी, उशीर होणार असेल तर फोन’ हा वागण्याचा नियम झाला. ‘तू उशिरा आलास की माझं बीपी वाढतं, मला मारायलाच निघालायस’ हा मनावरचा ताबा. ‘मार्क कमी आलेत, महिनाभर संध्याकाळी सहा ते आठ अभ्यास’ हा नियम. ‘ऊसबिल तुझ्या क्लासच्या फीत घातलं आणि तू हे दिवे लावलेस’ हा ताबा. पहिल्या प्रकारात मुलाला कळतं की काय केलं तर सुटका आहे. दुसऱ्यात त्याच्या असण्यावरच कर्ज चढतं आणि ते फेडायची रीत कुणी सांगत नाही. मानसिक ताबा आणि किशोरवयातली उदासी व चिंता यांचा संबंध अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळला आहे.

या ताब्याचं आपल्याकडचं सर्वांत रुळलेलं हत्यार म्हणजे अबोला. मार नाही, शिवी नाही, म्हणून तो सभ्य वाटतो. तीन दिवस आई ताट वाढते पण बोलत नाही. मुलाला त्यातून एवढंच समजतं की चूक केली की माणूसच नाहीसं होतं. पुढच्या वेळी ते चूक टाळत नाही, ती कळू देणं टाळतं. राग इतका असेल की बोलवत नाही, तर तसं सांगून, वेळ ठरवून थांबावं: ‘आत्ता मला राग आलाय, जेवण झाल्यावर बोलू.’ आणि जेवण झाल्यावर खरंच बोलावं.

उलट उत्तर देणं हा अनेक घरांत गुन्हाच समजला जातो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात जोसेफ ॲलन आणि सहकाऱ्यांनी तेराव्या वर्षाच्या आसपासच्या मुलांची आईशी होणारी वादावादी टिपली आणि पुढं काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. मुद्दा धरून, न रडता, न शरण जाता आईशी वाद घालू शकणारी मुलं पुढे मित्रांच्या दारू-गांजाच्या आग्रहालाही जास्त ठाम राहिली. हे पटण्यासारखं आहे. घरी जे पोरगं वडिलांना ‘मला हे पटत नाही’ म्हणू शकत नाही, ते पार्किंगमध्ये चार दोस्तांना कुठून म्हणणार? आवाजाची पट्टी आणि शब्द यांवर मर्यादा जरूर घालावी. मतावर नको.

ती पहिली पाच मिनिटं

मूल जेव्हा खरंच काही सांगायला येतं, तेव्हा ते एक परीक्षा घेत असतं, आणि निकाल त्याच्या डोक्यात कायमचा नोंदला जातो. अशा वेळा ठरवून येत नाहीत. बहुधा समोरासमोर बसल्यावर येतही नाहीत. गाडीवर मागं बसलं असताना, भांडी पुसताना, लाईट गेल्यावर येतात. डोळ्यांत डोळे घालून ‘बस इथं, बोल’ म्हटलं की किशोरवयीन मूल मिटतं.

पहिलं वाक्य ऐकलं की आपला चेहरा सांभाळावा आणि दोन-तीन श्वास जाऊ द्यावेत. मग घडलेलं जसं सांगितलं तसं परत म्हणावं: ‘म्हणजे केमिस्ट्रीत नापास झालास आणि आठवडाभर सांगायला भीती वाटत होती.’ एवढंच. ‘का’नं सुरू होणारा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत नको, कारण ‘का केलंस’ हा प्रश्न मुलाला जबाबासारखा ऐकू येतो. त्याऐवजी ‘मग काय झालं?’, ‘सांग की अजून’ पुरे. सांगून झाल्यावर विचारावं, ‘यात मी काय करू? नुसतं ऐकू, की काहीतरी मार्ग काढू?’ शिक्षा किंवा निर्णय त्याच दिवशी द्यायची घाई बहुतेक वेळा गरजेची नसते. ‘उद्या संध्याकाळी ठरवू’ म्हणता येतं. आणि सांगितल्याबद्दलचं एक वाक्य, ‘बरं केलंस सांगितलंस’, हे शिक्षा द्यायची असली तरीही म्हणावं. नियम मोडल्याची किंमत असू द्या, सांगितल्याची नको.

चुकतं कुठं? उपाय फार लवकर देण्यात. वडील मंडळी यात पुढं असतात: मुलाचं वाक्य पुरं व्हायच्या आत दोन ओळखीच्या सरांचे नंबर तयार. दुसरी चूक म्हणजे ऐकलेलं संध्याकाळपर्यंत मावशीच्या, काकूच्या फोनवर पोचणं. मुलीचं गुपित नात्यात फिरलं की ती पुढची दोन वर्षं काही सांगत नाही. तिसरी म्हणजे जुना हिशेब काढणं: ‘तरी मी तेव्हाच सांगत होतो.’

वेळ निवडण्यामागे मेंदूचंही कारण आहे. भावना, थरार आणि मित्रांची दाद यांना प्रतिसाद देणारे मेंदूचे भाग वयात येताना जोर धरतात. आवर घालणारा, पुढचा विचार करणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. म्हणून तेच पोरगं थंड डोक्यानं वकिलासारखं बोलतं आणि भडकल्यावर सहा वर्षांचं होतं. भडकलेल्या क्षणी दिलेलं व्याख्यान वाया जातं. तासाभरानं तेच चार वाक्यांत सांगितलं तर पोचतं.

बिनसल्यावर

कुठल्याच घरात नेहमी सूर जुळलेला नसतो. एडवर्ड ट्रॉनिक यांनी तान्ही मुलं आणि आया यांच्या बारीक हालचाली टिपल्या, तेव्हा चांगल्या जोड्यांतही सूर जुळलेला वेळ साधारण तीस टक्केच निघाला. बाकी वेळ चुकणं आणि पुन्हा जुळवणं यात गेला. भरवसा त्या जुळवण्यातून तयार होतो. किशोरवयातही नेमकं हेच लागू पडतं.

ओरडून झालं, नको ते बोललं गेलं, एखाद्यानं हातही उचलला, तर त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुरुस्त करावं. नेमकं काय चुकलं ते नाव घेऊन म्हणावं: ‘काल तुझ्या मित्रांसमोर तुला बिनकामाचा म्हटलं, ते माझं चुकलं.’ या वाक्याला ‘पण तूही…’ जोडलं की माफी संपली. मुलाकडून ‘असू दे पप्पा’ची अपेक्षा ठेवू नये, ते खांदे उडवून निघून जाईल, तरी ऐकलेलं असतं. मूळ नियम कायम असेल तर तो वेगळ्या वाक्यात, थोड्या वेळानं सांगावा. पन्नाशीच्या बापाला पोराची माफी मागणं जड जातं हे खरं, पण त्यानं धाक जात नाही. उलट आपली चूक कशी कबूल करायची याचा घरातला एकमेव धडा मुलाला त्यातून मिळतो.

कोल्हापूरच्या दोन गोष्टी

शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि नंतर वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं उभी राहिली. खेड्यातल्या पोरानं शिकायला कोल्हापुरात येऊन राहायचं, ही वाट तेव्हापासून रुळली. आज चंदगड, आजरा, राधानगरी, गगनबावड्याहून दहावीनंतर मुलं नीट-जेईईच्या क्लाससाठी येतात, खोलीत तिघं-चौघं राहतात, मेसचं जेवतात. सोळाव्या वर्षी घर सोडणं म्हणजे भावबंधाची पुन्हा एकदा परीक्षाच. पहिले दोन-तीन आठवडे रडू येणं, झोप न लागणं, ‘मला परत न्या’ म्हणणं हे अपेक्षितच आहे. हळूहळू कमी होत असेल तर काळजीचं नाही. महिना-दीड महिना उलटूनही वाढतच असेल, जेवण सुटलं असेल किंवा मूल फोनवर अचानक अगदीच गप्प झालं असेल, तर दखल घ्यावी.

फोनची वेळ ठरलेली असावी. आठवड्यातून तीन-चार वेळा, दहा-पंधरा मिनिटं पुरतात. ठरलेला फोन चुकणं हे कमी फोन असण्यापेक्षा जास्त लागतं. शेतीच्या लाईटची रात्रपाळी असेल आणि वडिलांना रानात जायचं असेल, तर तसा आधी निरोप द्यावा. पहिला प्रश्न टेस्टच्या मार्कांचा नको. नाहीतर मूल कमी मार्कांच्या आठवड्यात फोनच उचलत नाही, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच तुटतं. मेसमध्ये आज काय होतं, खोलीतला तो सांगलीचा पोरगा अजून घोरतो का, इथून सुरुवात करावी. घरची बातमीही द्यावी, म्हैस व्याली, शेजारी लग्न ठरलं. घरात आपली जागा अजून आहे हे त्यातून कळतं. भांडण, कर्ज, आजारपण यांतलं काय सांगायचं ते विचार करून ठरवावं. सगळं लपवू नये, आणि मुलाला सल्लागारही करू नये.

दुसरी गोष्ट फुटबॉलची. इथं पेठापेठांत, तालमीतालमींत पोरं खेळतात, शाहू स्टेडियमवर सामने बघतात. दहावी किंवा बारावी लागली की पहिला हुकूम सुटतो: खेळ बंद. त्या एका हुकमात व्यायाम जातो, मित्र जातात, आणि घराबाहेरचं एक भरवशाचं मोठं माणूस, म्हणजे प्रशिक्षक किंवा तालमीतला वस्ताद, तेही जातं. किशोरवयात आईवडिलांखेरीज असा एखादा मोठा माणूस असणं हा फार मोलाचा आधार असतो. घरी न सांगता येणाऱ्या गोष्टी तिथं निघतात. आठवड्याचे सहा दिवस तीन करा, वेळ तासाभरावर आणा, पण पूर्ण बंद करू नका. पेठेच्या ईर्ष्येतून मारामाऱ्या होतात ही काळजी असेल तर सराव चालू ठेवून सामन्यांना जाण्याबद्दल नियम करता येतो.

झोपेचं थोडक्यात. १३ ते १८ या वयाला ८ ते १० तास झोप लागते आणि वयात येताना शरीराचं घड्याळच उशिरा झोप आणतं. अकराला पडून पाचच्या क्लाससाठी उठणारं मूल चिडकं असेल तर त्यात संस्कार शोधण्यापूर्वी तास मोजावेत. मोबाईलचंही तसंच: रात्री सगळ्यांचे, म्हणजे आईवडिलांचेही, फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावणं हा नियम चालतो. गुपचूप मेसेज वाचणं एकदा उघडकीला आलं की वर्षभराचा भरवसा जातो. जिवाला धोका आहे असं वाटत असेल तर वाचा, पण मग तसं सांगून.

घराच्या हाताबाहेर जातंय तेव्हा

सलग दोन आठवडे बहुतेक वेळ उदास किंवा चिडकं असणं, आवडीच्या गोष्टीतून मन उडणं, झोप-भूक बदलणं, मार्क एकदम घसरणं, मित्र टाळणं, अंगावर कापल्याच्या खुणा, कडक उन्हातही पूर्ण बाह्यांचे कपडे, आवडत्या वस्तू वाटून टाकणं. यातलं काही दिसलं तर सरळ विचारावं: ‘जगायलाच नको असं वाटतं का? मरणाचे विचार येतात का?’ विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाहीत. असतील तर बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर मुलाला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत, मराठीतही चालतो. मुलांवरच्या अत्याचाराची शंका असेल तर मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाईन. मानसोपचार विभाग कोल्हापूरच्या सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे या सरकारी रुग्णालयात आहे. आत्महत्येचा प्रयत्न झालेला असेल आणि पोलीस केसच्या भीतीनं दवाखाना टाळावासा वाटत असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ माहीत असावं: उलट सिद्ध होत नाही तोवर असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षा होत नाही.

डॉक्टरकडे जाताना लक्षणं कधी सुरू झाली, झोप किती तास, खाणं किती, आधीचे आजार, घरात कुणाला असा त्रास होता का, एवढं कागदावर लिहून न्यावं आणि मुलाला डॉक्टरांशी एकट्यानं बोलायला वेळ द्यावा. आणि दवाखान्याची वेळ मिळायची वाट न बघता एक काम आजच करावं. गावाकडच्या घरात तणनाशक, कीटकनाशकाच्या बाटल्या परड्यात किंवा जिन्याखाली उघड्यावर असतात. आततायी विचाराची लाट अनेकदा थोड्या वेळाची असते, आणि तेवढ्यात हाताला काय लागतं यावर सगळं ठरतं. त्या बाटल्या कुलूपबंद पेटीत, शक्यतो घराबाहेर ठेवाव्यात आणि किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे असावी. आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्याही त्याच नियमात येतात. वसतिगृहात असलेलं मूल सुट्टीला घरी येणार असेल तर ते यायच्या आधीच हे उरकावं.